धुतलेली अंडी

खुडूक बसलेल्या कोंबडीला दिवसातून एकदा तरी बळंच उठवावं लागतं, हे मला लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर कळलं. तेही बायकोनं दवाखान्याच्या कॉटवरून सांगितलं म्हणून. तोवर माझी समजूत अशी की कोंबडी अंड्यांवर बसते, एकविसाव्या दिवशी उठते आणि पिल्लं तिच्या मागे चालायला लागतात. मध्ये कुणाला काही करावं लागत नाही. आमच्या घरातली बरीचशी कामं मला अशीच आपोआप होत असल्यासारखी वाटायची.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. म्हणजे तापमान, दाब, पाण्याची पातळी मोजणारी जी यंत्रं असतात, ती दुरुस्त करायची आणि त्यांचे काटे बरोबर सांगतायत की नाही ते तपासायचं. नोकरी संपल्यावर क्वार्टर सोडलं आणि नाशिक रोडच्या बाजूला बांधून ठेवलेल्या आमच्या छोट्या घरात राहायला आलो. मागे थोडी मोकळी जागा होती. ती मी गुलाबांसाठी ठेवली होती. बायको सिन्नरकडची, शेतकऱ्याची मुलगी. क्वार्टरमध्ये कोंबड्या पाळता येत नव्हत्या म्हणून तिनं इतकी वर्षं कळ काढली होती. नव्या घरात आल्याच्या आठवड्यातच ती माहेरी गेली आणि एसटीनं एक कोंबडा आणि चार कोंबड्या घेऊन आली. दोन पिशव्या, आणि त्यातून नुसती मुंडकी बाहेर. गुलाब राहिले ते राहिलेच.

आमच्यात भांडण व्हायचं ते डब्यावरून. रिकामपणी मी अंडी उबवायचं यंत्र केलं होतं. मासळीवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा मोठा डबा, झाकणाला काचेची खिडकी, आत साठचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, पाण्याची वाटी आणि थर्मोस्टॅट. आतली ऊब ठरल्यापेक्षा वाढली की बल्ब आपोआप बंद, कमी झाली की चालू. ज्या माणसानं बॉयलरचं तापमान सांभाळलं त्याला अंड्यांचं काय अवघड, असं मी गल्लीत दोन-चार जणांना सांगूनही ठेवलं होतं. पहिल्या खेपेला दहातली चार पिल्लं निघाली, त्यातलं एक लंगडं. त्याच महिन्यात बायकोच्या काळ्या कोंबडीनं अकरातली दहा काढली. बायको डब्यापाशी आली, काचेतून आत बघितलं आणि म्हणाली, "ऊब हाय वो, पण तुमच्या खोक्याला कान नाय."

मी विचारलं, कान कशाला पाहिजेत? मग तिनं सांगितलं की शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्याच्या आतूनच बोलायला लागतं, आणि कोंबडी खालच्या आवाजात त्याला जाब देत राहते. तो आवाज ऐकूनच पिल्लाला बाहेर यायचं बळ येतं. ती स्वतः एकोणिसाव्या दिवशी कोंबडीखालचं एखादं अंडं काढायची आणि कानाला लावून डोळे मिटून उभी राहायची. एकदा माझ्याही कानाला लावलं होतं. मला काही ऐकू आलं नाही. टर्बाइनच्या घरघरीत तीस वर्षं काढलेले कान ते.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर काळी कोंबडी पुन्हा खुडूक बसली. कोपरा धरला, पिसं फुगवली, जवळ गेलं की गुरगुरायला लागली. बायकोनं टोपलीत भाताचं तूस पसरलं, पिसवा होऊ नयेत म्हणून त्यात कडुलिंबाचा पाला घातला आणि तेरा अंडी काढली. अंडी विषमच बसवायची, जोडीनं नाही, हा तिच्या माहेरचा नेम. प्रत्येक अंड्यावर तिनं कोळशाची एक रेघ ओढली, म्हणजे मागाहून दुसऱ्या एखाद्या कोंबडीनं तिथं अंडं घातलं तर ते ओळखू यावं. अंडी सगळ्या कोंबड्यांची मिळून होती. तांबडीची, ठिपक्याठिपक्यांच्या कवडीची, मानेला पीसच नसलेल्या त्या ध्यानाची. एरवी ही कामं ती वाकून, चालता चालता करायची. या वेळी पाट घेऊन बसली होती आणि मधूनच हात थांबवत होती. मी ते बघितलं आणि मला त्यात काही वाटलं नाही. मला या गोष्टीचा आजही राग येतो, आणि राग काढायला माणूस एकच आहे.

चार दिवसांनी उन्हात बसलेली असताना तिचे डोळे पिवळे दिसले. मला वाटलं कावीळ. गावाकडच्या औषधाचं बघू असं ती म्हणत होती, पण मी तिला दवाखान्यात नेलं. त्यांनी दाखल करून घेतलं, तपासण्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि पसरलेला आहे. कापून काढण्यासारखा नाही. किती दिवस, असं मी विचारलं. मला आकडा पाहिजे होता. ते म्हणाले, काही आठवडे धरून चाला.

तिला सांगायचं नाही हे मी तिथल्या तिथे ठरवलं. कुणाला विचारलं नाही. पुण्याहून मुलगी आली, तिला तेवढं सांगितलं आणि गप्प राहायला लावलं. बायकोला सांगितलं की पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. दुर्बिणीतून बारीक नळी टाकतील, पित्त मोकळं होईल, की झालं. तिनं विश्वास ठेवला. मला खोटं बोलता येत नाही, असं तिचं पक्कं मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. मला तोवर कधी गरज पडली नव्हती. शिवाय मी आकड्यांचा माणूस. रोज तिच्यासमोर रिपोर्टचा कागद धरून बसायचो आणि आकडे वाचून दाखवायचो. आकडे खरेच असायचे. त्यातले चांगले तेवढेच मी वाचायचो.

तिची धाकटी बहीण रोज डबा घेऊन यायची. तिनं माझा चेहरा बघून काय ते ओळखलं. जिन्यात मला गाठून म्हणाली, "दाजी, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सांगून टाका तिला. तिला काय आवराआवर करायची ती करू द्या."

मी म्हणालो, "आवराआवर कशाची? ती घरी येणार आहे."

मेहुणीनं डबा माझ्या हातात दिला आणि ती जिना उतरली. माझा स्वभाव तापट, हे सासुरवाडीत सगळ्यांना माहीत. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

रोज सकाळी मी वॉर्डात शिरलो की बायको दोनच गोष्टी विचारायची. पहिली, "कोंबडीला उठवलं का?" आणि दुसरी, "घरी कधी सोडणार?" क्रम हाच. पहिल्या दिवशी मला उठवण्याचा अर्थच कळला नाही, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

"अवो, ती बया उपाशी मरंल पण जागची हलायची नाय. पोटाखाली हात घालायचा, उचलायची अन् दाण्यापाशी ठेवायची. ती खाईल, पाणी पिईल, घाण करंल, अन् दहा मिनटांत आपली आपण जाऊन बसंल. नाय उठवली तर तिथंच घाण करती, अंड्यांवर."

"टोचते ती."

"टोचू द्या की. तुमच्यापेक्षा लय लहान हाय ती."

शेजारच्या कॉटवरची बाई हसली. बायकोही हसली, आणि हसताना पोटात कळ आली म्हणून मध्येच थांबली.

मी दोन दिवस कोंबडीला उठवली. दोन्ही हातांतून तिनं रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी पहाटेच दवाखान्यातून फोन आला की ताप चढलाय, तसाच पळालो. तो आणि पुढचा दिवस घरी फक्त अंघोळीपुरता आलो. बायकोनं विचारलं तेव्हा उठवली म्हणून सांगितलं. अंडी बसवल्यापासून नवव्या दिवशी सकाळी टोपलीपाशी गेलो तर वास येत होता. कोंबडीनं अंड्यांवरच घाण केली होती, एक अंडं फुटून त्याचा बलक बाकीच्यांवर वाळला होता, आणि ती सगळ्यावर तशीच पिसं फुगवून बसली होती.

आता माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. घाण बघून मला वाईट वाटलं, पण त्याच्या आत कुठेतरी बरंही वाटलं. डबा बाहेर काढायला निमित्त मिळालं. घर दिवसभर बंद, कोंबडीला उठवायला माणूस नाही, मग यंत्रासारखं दुसरं काय? तिला घरी आणू तेव्हा पिल्लं काढून दाखवू आणि मग सांगू की बघ, कान नसलेल्या खोक्यानं काढली. आजारी बायकोला जिंकून दाखवायचं होतं मला. असा माणूस मी.

अंडी मी एकेक करून टॉर्चवर धरून बघितली. अकरा अंड्यांत लाल शिरांचं बारीक जाळं दिसत होतं, आणि जाळ्याच्या मध्यावर एक काळा ठिपका हलत होता. बाराव्यात काही नव्हतं. अकरा जिवंत. मला एवढा आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं "वा!" म्हणालो.

आणि मग मी ती धुतली.

तीस वर्षं मी कुठलंही उपकरण साफ केल्याशिवाय बसवलं नाही. नळीत धुळीचा कण राहिला तरी काटा खोटं दाखवतो, हे मी हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलेलं. घाणीनं माखलेली अंडी माझ्या स्वच्छ डब्यात मी ठेवणंच शक्य नव्हतं. बादलीत नळाचं पाणी घेतलं, कार्तिकातलं सकाळचं पाणी ते, गार. त्यात डेटॉल टाकलं. एकेक अंडं बुडवून काथ्यानं हळूच घासलं, फडक्यानं पुसलं. कोळशाच्या रेघा निघून गेल्या तेव्हा मला त्या पेन्सिलीनं नीट, सरळ ओढता आल्या याचं समाधान वाटलं. अंडी चकाचक दिसत होती. डब्याचं तापमान आधीच लावून ठेवलं होतं. सगळं जिथल्या तिथे.

बसलेलं अंडं धुवायचं नसतं. त्याच्यावर एक नजरेला न दिसणारा पातळ थर असतो, तो गेला की कवच उघडं पडतं. आणि गार पाण्यात आतलं सगळं आकसतं, बाहेरची घाण आत ओढून घेतं. हे मला नंतर एका पोल्ट्रीवाल्यानं सांगितलं. तो म्हणाला, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बायकोला माहीत असणारच. तिला विचारायला मला फक्त फोन उचलावा लागला असता. पण विचारलं असतं तर अंडी कोंबडीखालून काढली हे सांगावं लागलं असतं.

काळी कोंबडी रिकाम्या टोपलीत बसून राहिली. आता तिचं काय काम, म्हणून मी तिची खुडूक मोडली. गावाकडे करतात तशी पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा बुडवली आणि पायाला दोरी बांधून उन्हात ठेवली. तीन दिवसांत ती बाकीच्या कोंबड्यांत मिसळून दाणे टिपायला लागली. म्हणजे परतीची वाट मी माझ्या हातानंच बंद केली होती.

दवाखान्यात विचारणं चालूच होतं. कोंबडीला उठवलं का? उठवलं. टोचली का? टोचली. घरी कधी सोडणार? काविळीचा आकडा उतरतोय, तो जरा खाली आला की लगेच. माझी उत्तरं एकाच सुरात यायला लागली होती. नळी टाकल्यावर कावीळ थोडी उतरली, त्यामुळे तिला ते पटतही होतं. दोन दिवस तिनं थोडं जेवणही घेतलं. मुलीला म्हणाली, "घरी गेले की कोंबडीची पिल्लं बघाया तुझ्या पोरीला घिऊन ये."

तेराव्या दिवशी मी पुन्हा टॉर्च लावली. पहिल्या अंड्यात शिरा नव्हत्या. शिरांच्या जागी एक तांबूस कडं होतं आणि आतला ठिपका तळाला बसला होता. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. मी टॉर्चचे सेल बदलले. माणूस किती मूर्खपणा करू शकतो बघा, मला वाटलं उजेड कमी पडतोय. अकराच्या अकरा गेली होती. तरी मी डबा बंद केला नाही. आणखी तीन दिवस, आपलं बघण्यात चूक झाली असेल म्हणून, पाण्याच्या वाटीत पाणी घालत राहिलो. सोळाव्या दिवशी आत एक अंडं फट्कन फुटलं आणि सगळं घर त्या वासानं भरलं. मी अंडी एका पिशवीत भरून मागच्या बाजूला खड्डा करून पुरली. खड्डा बुजवताना रडलो. लग्न झाल्यापासून मी रडलेलो मला आठवत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशीही मी रडलो नव्हतो, आणि अकरा अंड्यांसाठी मी मातीत बसून हुंदके देत होतो.

बायको बोटांवर दिवस मोजत होती. एकोणिसाव्या दिवशी म्हणाली, "आता बोलाया लागली असतील." विसाव्या दिवशी म्हणाली, "आज कोंबडीला उठवू नका बरं का. आता तिला हलवायची नाय." एकविसाव्या दिवशी तिनं सकाळी सातलाच मुलीच्या फोनवरून मला फोन लावला. आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यात उत्साह होता. "निघाली का वो?"

मी म्हणालो, "निघाली."

"किती?"

"अकरा."

"अगं बाई!" ती म्हणाली. "मला फोटो आणा. हलता फोटो."

मी गाडी काढली आणि देवळाली कॅम्पच्या बाजारात गेलो. तिथे एकाकडे एक दिवसाची पिल्लं विकायला असतात. गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली आणि पिवळीधमक बघून मी सोडून दिली. एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, गावरान दाखव. त्यानं गावरानच म्हणून तपकिरी पिल्लांचं खोकं काढलं, पाठीवर गडद पट्टा असलेली. मी अकरा मोजून घेतली. घरी आणून टोपलीत ताजं तूस टाकून त्यावर सोडली. काळ्या कोंबडीला पकडून त्यांच्याजवळ ठेवून बघितलं. तिनं एका पिल्लाच्या डोक्यात चोच मारली. मग तिला बाहेर हाकललं आणि नुसत्या पिल्लांचा व्हिडिओ काढला. दीड मिनिटाचा. पिल्लं गोड होती. माझा मलाच तो खरा वाटायला लागला होता.

वॉर्डात गेलो तर बायको उशीला टेकून बसली होती. मुलीनं तिची वेणी घातली होती. मी व्हिडिओ लावून फोन तिच्या हातात दिला. तिनं बघितलं. पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ती जरा पुढं झुकली.

"समदी एकाच रंगाची कशी?"

"कोंबडा एकच ना आपला," मी म्हणालो. हे उत्तर मी रस्त्यात तयार करून ठेवलं होतं.

तिनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी तिनं तो बघितला नाही. फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. दीड मिनिट ती तशीच होती. पिल्लांची चिवचिव मला लांबून ऐकू येत होती. नुसती चिवचिव. ज्या कोंबडीखाली पिल्लं निघालेली असतात ती क्षणभरही गप्प बसत नाही, हे तिला माहीत होतं, मला माहीत नव्हतं.

तिनं डोळे उघडले आणि फोन माझ्या हातात दिला. "बरं," ती म्हणाली. "छान हायेत."

मी सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरलो आणि वाट बघत राहिलो. तिनं पिल्लांचं विचारलं नाही. घरी कधी सोडणार, तेही विचारलं नाही. मी आपणहून रिपोर्टचा कागद काढला आणि आकडा वाचायला लागलो, तर ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चहा घेतला का तुमी?" त्या दिवशी मी नव्हतो तेव्हा तिनं मुलीला कपाटातल्या साड्या कुणाकुणाला द्यायच्या ते सांगितलं. नथ नातीसाठी ठेव म्हणाली. बहिणीला म्हणाली, कोंबड्या तू घिऊन जा, ह्यांना टोचतात.

हे सगळं मला मुलीनं नंतर सांगितलं. पण तिचं विचारणं बंद झालं त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता, फक्त मी तो मान्य करत नव्हतो. जो माणूस पिल्लांच्या बाबतीत एवढं रचून खोटं बोलतो, तो आकड्यांच्या बाबतीत खरं कशाला बोलेल? तिनं दोन्ही गोष्टी सरळ जोडल्या. दोन-अडीच आठवडे मी तिच्यापासून जे लपवलं ते दीड मिनिटाच्या व्हिडिओनं तिला सांगितलं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याशी पाहुण्यासारखी नीट वागायला लागली. जेवलात का, झोप झाली का. मी खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं, तिला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांना चहा विचारत होतो. असे बारा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटचे दोन दिवस तर ती शुद्धीत नव्हती, म्हणजे माझ्याकडे दहा दिवस होते. दहा दिवसांत मला एक वाक्य बोलता आलं नाही.

दहावा रामकुंडावर केला. माणसं बरीच आली होती. तिच्या माहेरची अख्खी भावकी, माझ्या नोकरीतले जुने सोबती, मुलीच्या सासरचे. पिंड मांडून सगळे मागे सरले. समोरच्या छपरावर चार-पाच कावळे बसलेले. एरवी तिथले कावळे धीट असतात, माणसाला मागे सरायचीही सवड देत नाहीत. त्या दिवशी एकही खाली येईना. पंधरा मिनिटं गेली. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायला सुरुवात केली. मेहुणी म्हणाली, "आक्का, तुझ्या कोंबड्या मी संभाळीन." कावळे हलले नाहीत. मुलीनं हात जोडले, "आई, पप्पांना मी एकटं सोडणार नाही गं." नाही. तिचा भाऊ म्हणाला, वर्षाला माहेरची साडी तुझ्या लेकीला देऊ. एक कावळा उतरला, पिंडाभोवती फिरला आणि उडून गेला. लोक हळहळले.

गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांच्यामागे आणखी दोन कुटुंबं खोळंबली होती. "अहो, तुम्ही मालक. तुम्ही बोला. त्यांचं काही राहिलं होतं का मनात?"

मी पुढं झालो. मला काय बोलायचंय ते पाठ होतं. अंडी मी धुतली. पिल्लं बाजारातली होती. खडा नव्हता, कॅन्सर होता. तीन वाक्यं. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, मेहुणी बघत होती, आणि मागे पाऊणशे माणसं उभी होती. या लोकांसमोर अंड्यांची गोष्ट काढायची? लोक काय म्हणतील, बायको गेली आणि ह्याला अंडी आठवतायत. मनातल्या मनात बोलू म्हटलं, तर मनातही शब्द येईनात. तिथेसुद्धा मला लाज वाटत होती.

"काय राहिलंय का?" गुरुजींनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काही राहिलं नव्हतं."

गुरुजींनी मान डोलावली. पिशवीतून दर्भाच्या चार काड्या काढल्या, पिळून गाठ मारून त्यांचा कावळा केला आणि तो पिंडाला शिवला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.